लाकडी जहाजाची पहिली प्रतिकृती: नाशिकमध्ये बसून कशी करायची

नाशिकमध्ये कुणालाही सांगा की मी लाकडाची जहाजं करतो, पहिला प्रश्न ठरलेला असतो: “पाण्यात चालतं का?” नाही चालत. इथे आपण बोलतोय ते मूळ जहाजाची मापं ठरावीक प्रमाणात लहान करून, सांगाडा उभा करून त्यावर एकेक फळी बसवून केलेल्या प्रतिकृतीबद्दल. ती कपाटावर राहते. तिचे शत्रू दोन, धूळ आणि आपल्या गावची हवा. दोघांचाही बंदोबस्त पुढे येईलच.

समुद्र घाटाखाली असला तरी या कामाला लागणारं बहुतेक सगळं नाशिकमध्ये मिळतं. सराफ बाजारात सोनारांची हत्यारं आहेत, शहरात लाकडाच्या वखारी आहेत, सातपूर-अंबडला लेथवाले आहेत आणि आर्किटेक्चरची मुलं मॉडेलचं सामान घेतात ती दुकानंही आहेत. अडचण सामानाची नसते, क्रमाची असते. कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. बोट चांगली होणार की वेडीवाकडी, हे पहिली फळी चिकटवायच्या आधी ठरलेलं असतं. त्यामुळे पायरी ६ घाईत वाचू नका.

पायरी १: लहान, उघडी आणि कमी दोरांची बोट निवडा

नव्याने येणाऱ्याला तीन डोलकाठ्यांचं, शंभर तोफांचं जहाज हवं असतं. अशा जहाजाचा सांगाडा उभा राहतो, अर्ध्या फळ्या बसतात आणि मग ते माळ्यावर जातं.

आपल्याकडच्या माणसाला आणखी एक मोह पडतो, तो ‘ट्रिंकोमाली’चा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेलं हे ब्रिटिश फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. त्याचे मूळ नकाशे मुंबईला पोचलेच नाहीत. ते ज्या ‘जावा’ जहाजावर होते, ते डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत गेलं, आणि नकाशांची दुसरी प्रत धाडावी लागली. गोष्ट भारी आहे, जहाजही देखणं आहे, पण पहिल्या खेपेला नको. तिसऱ्या-चौथ्या बोटीसाठी राखून ठेवा.

दुसरा मोह मराठा आरमाराच्या गुराबाचा, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजाचा. इथे अडचण वेगळी आहे. आपले कारागीर कागदावर नकाशा काढून जहाज बांधत नसत. हिशेब डोक्यात आणि हातात असायचा. गुराबाचे म्हणून आज जे आराखडे फिरतात ते बहुतेक युरोपीय चित्रांवरून आणि वर्णनांवरून मागाहून काढलेले असतात. १८व्या शतकातली इंग्रजी वर्णनं सांगतात की गलबत सहसा ७० टनांच्या आतलं आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचं असे, तर मोठे गुराब ३०० टनांपर्यंत जात. एवढ्यावरून चित्र काढता येतं, फळ्या कापता येत नाहीत. ज्याला दोन-तीन बोटींचा हात बसलाय त्याने अंदाज बांधत गुराब करावा.

मग पहिली बोट कुठली? माझं मत: मचवा (आपल्या किनाऱ्यावरची लहान शिडाची बोट), नाहीतर मोठ्या जहाजावरची उघडी नाव. डेक जवळजवळ नाही, एखादी डोलकाठी, मोजके दोर.

प्रमाण ठरवताना खोलीतली जागा पाहा. ३० फुटी मचवा १:२४ मध्ये ३८ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे टेबलावर आरामात मावतो आणि भाग बोटांत धरता येतात. ‘ट्रिंकोमाली’चा तोफमजला सुमारे १५० फूट. १:९६ ला तो ४८ सेंटिमीटर येतो, पण १:४८ ला तब्बल ९५. पुढची आडवी काठी आणि डोलकाठ्यांची उंची धरली तर त्याला हॉलमधला सोफा हलवावा लागेल.

पायरी २: नकाशा मिळवा आणि तो योग्य मापात छापून घ्या

जहाजाच्या नकाशात तीन दृश्यं असतात: बाजूने, वरून, आणि समोरून-मागून एकत्र काढलेले आडवे छेद. नवशिक्याला बाजूचं चित्र आवडतं, पण कामाचे ते छेद. त्यातला प्रत्येक छेद म्हणजे तुमच्या सांगाड्यातला एक आडवा पाट. छेदात सहसा अर्धीच बाजू काढलेली असते, उजवीकडे नाळेकडची (म्हणजे पुढच्या टोकाकडची) आणि डावीकडे मागची. कागद दुमडून अर्ध्याचं पूर्ण करून घ्या. दोन्ही बाजू हाताने वेगवेगळ्या काढल्या तर सारख्या येत नाहीत.

युरोपीय जहाजांचे नकाशे ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाच्या संग्रहात मोठ्या संख्येने आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या बोटींसाठी फ्रेंच नौदल अधिकारी फ्रांस्वा-एडमाँ पारी यांची रेखाटनं शोधा. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी बंदरोबंदरी स्थानिक बोटींची मापं घेतली, त्यात आपली फत्तेमारी ही मालवाहू शिडाची बोटही आहे. पुढे ते पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचे प्रमुख झाले.

नकाशासोबत खरी बोटही बघून या. नाशिकहून त्र्यंबक–मोखाडा–जव्हार करत डहाणूच्या बाजूला किंवा पालघरजवळ सातपाटीला जाता येतं. जायचं ते जून-जुलैत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि एरवी पाण्याखाली असणारा भाग डोळ्यांसमोर येतो. आता फायबरच्या बोटी पुष्कळ झाल्यात, लाकडी बोट थोडी शोधावी लागते. फोटो काढायच्या आधी मालकाला विचारा. बहुतेकदा तोच उत्साहाने दाखवतो, आणि फळी कुठे संपते, कुठे सांधते हे त्याच्याइतकं नीट कुठलाही नकाशा सांगत नाही.

छपाईतला सापळा: झेरॉक्सवाल्याकडे पीडीएफ दिली की मशीन ती पानात ‘बसवून’ छापतं आणि माप तीन-चार टक्क्यांनी बदलतं. दिसायला काही कळत नाही. कळतं तेव्हा पाट कण्याच्या, म्हणजे बोटीच्या लांबीभर जाणाऱ्या मधल्या फळीच्या, खाचेत बसत नसतात. ‘शंभर टक्के, फिट टू पेज नको’ असं स्पष्ट सांगा आणि नकाशावर छापलेली मापपट्टी पोलादी पट्टीने तिथेच, दुकानात उभं राहून मोजा. उभी मोजा आणि आडवीही मोजा.

नकाशाचा खटाटोप नको असेल तर परदेशी किट मागवता येतं. त्यात पाट लेझरने कापून आलेले असतात. कुरियरने मागवताना हे कागद हाताशी ठेवा:

- आधार आणि पॅन (कुरियर कंपनी केवायसी मागते)
- विक्रेत्याचं बिल, त्यात वस्तूचं नाव ‘लाकडी मॉडेल किट’ असं स्पष्ट लिहिलेलं
- पैसे भरल्याचा पुरावा

कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी वस्तूच्या किमतीवरच नाही, वाहतूक खर्च धरून लागतो. म्हणून स्वस्त किट आणि महाग कुरियर हा व्यवहार अंगाशी येतो. ऑर्डर देण्याआधी कुरियरवाल्याकडून अंदाज घ्या.

पायरी ३: लाकूड

खरी जहाजं सागवानाची, मग प्रतिकृतीही सागवानाचीच हवी असं वाटणं साहजिक आहे. पण लाकडाचं प्रमाण आपल्याला बदलता येत नाही. सागाची छिद्रं मोठी आणि रेषा ठळक असते. चार मिलिमीटरच्या फळीवर ते छिद्र खऱ्या जहाजातल्या भोकाएवढं दिसतं. शिवाय सागात तेल असतं, गोंद नीट धरत नाही. साग वापरायचाच असेल तर चिकटवण्याआधी तो भाग अ‍ॅसिटोनने पुसा, आणि त्याचा उपयोग स्टँडला किंवा पेटीच्या तळाला करा.

फळ्यांसाठी बारीक, एकसारख्या पोताचं लाकूड लागतं. परदेशी लोक बॉक्सवूड, पेअर, बासवूड म्हणतात. आपल्याकडे त्याला चांगला पर्याय हळदू: पिवळसर, घट्ट, धार घेतं आणि कापल्यावर कड तुटत नाही. शिवण त्याहून हलकं, सहज कापलं जाणारं, आणि हवा बदलली तरी फारसं न हलणारं. दोन्ही वखारीत विचारून बघा. मोठा ओंडका नको, कापताना उरलेले तुकडे मागा, आणि पावती मात्र घ्या. सागाचा तुकडा पावतीशिवाय आणूच नका, वनखात्याचे नियम हौशी माणसालाही लागू असतात.

पाइन स्वस्तात हवं असेल तर एमआयडीसीत यंत्रांच्या खोक्यांचं जुनं लाकूड विकणारे आहेत. त्यावर ठसा असतो तो वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते घरात आणून घासू नका.

दीड मिलिमीटर जाडीची फळी सॉ मिलवाला कापून देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. त्याच्या पात्यातच तेवढं लाकूड भुसा होऊन जातं. तीन वाटा आहेत. सरावासाठी कॉफी ढवळायच्या चपट्या लाकडी काड्या, ज्या एका गठ्ठ्यात शेकड्याने मिळतात. दुसरी, मॉडेलच्या दुकानातल्या बासवूडच्या पट्ट्या. तिसरी, प्लायवूडवाल्याकडचा पातळ व्हिनिअर, जो खालच्या साध्या थरावर दुसरा थर म्हणून पट्ट्या कापून लावता येतो. पहिल्या बोटीला पहिली आणि दुसरी वाट पुरते.

पाटांसाठी तीन-चार मिलिमीटरचं चांगलं प्लाय घ्या, शक्यतो बर्च. साध्या प्लायच्या आतल्या थरात पोकळी असते आणि ती नेमकी पिन मारायच्या जागी निघते. एमडीएफ टाळा, ओली फळी टेकली की कड फुगते.

आता आपली हवा. नाशिकचा मे महिना कोरडा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले कपडेही दमट. लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या घट्ट बसवल्या की मार्चमध्ये प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट उघडते. म्हणून लाकूड आणल्या आणल्या कापू नका. ज्या खोलीत काम करणार तिथे काही आठवडे पट्ट्यांना हवा लागू द्या आणि फळ्या बसवायचं काम दिवाळीनंतर काढा. पावसाळा सांगाडा, डोलकाठ्या, किरकोळ भाग यांत घालवा.

पायरी ४: हत्यारं

महागडा संच घेऊ नका. लहान टेबल सॉ आणि मिनी लेथ यांचा मोह पहिल्या बोटीपुरता आवरा. एवढं पुरतं:

- सोनारी करवतीची फ्रेम आणि १ ते ३ नंबरची पाती, एकदम डझनभर. ती तुटतातच
- बारीक कानशींचा संच आणि दोन चिमटे, एक सरळ, एक वाकडा. हेही सराफी हत्यारांच्या दुकानात
- ३ नंबरचं सर्जिकल हँडल आणि ११ नंबरची ब्लेडं. सर्जिकलच्या दुकानात मिळतात आणि हॉबी नाइफपेक्षा स्वस्त पडतात
- हाताने फिरवायचा बारीक ड्रिल, ०.५ ते १ मिलिमीटरच्या बिटांसह
- छोटा रंधा, गुण्या, ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी, व्हर्निअर कॅलिपर
- १२०, १८०, २४० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर
- कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, भरपूर
- फेविकॉल, आणि अगदी थोडं फेविक्विक
- मास्क, साधा कापडी नाही, एन-९५

आणि एक वस्तू जी बाहेरगावच्या माणसाला सुचणार नाही: द्राक्षाच्या घडाची विरळणी करायची कात्री. शेतीच्या सामानाच्या दुकानात मिळते. पातं अरुंद, टोक निमुळतं, मधे स्प्रिंग. घडातला नेमका एक मणी कापायला ती बनली आहे, तशीच दोरांच्या जंजाळातली नेमकी एक गाठ कापायलाही.

फेविक्विकबद्दल सूचना: लाकडात मुरलं की तिथे पॉलिश धरत नाही आणि डाग राहतो. फळ्यांना फेविकॉल, दोरांच्या गाठींना फेविक्विकचा सुईच्या टोकाएवढा थेंब, एवढीच वाटणी ठेवा.

पायरी ५: सांगाडा

मधे उभा कणा, त्याला खाचा, खाचांत आडवे पाट. पाट सोनारी करवतीने घरी कापता येतात. अ‍ॅक्रिलिकचं काम करणाऱ्या लेझरवाल्याकडूनही कापून मिळतात, पण मग कडेला जळून काळं झालेलं असतं. चिकटवायच्या जागेवरचा काळेपणा घासून काढा, नाहीतर गोंद कोळशाला चिकटेल, लाकडाला नाही.

कणा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून तपासा. प्लायला थोडा बाक असेल तर आत्ताच बदला. नंतर सरळ करता येत नाही. प्रत्येक पाट गुण्याला लावून ९० अंशांत बसवा, आणि वरून बघून सगळे एका रेषेत आहेत का पाहा. पाटांच्या मधल्या मोकळ्या जागेत, निदान नाळेजवळ आणि मागे, मऊ लाकडाचे ठोकळे भरा. तिथे बाक सर्वांत जास्त असतो, आणि ठोकळा असला की फळीला टेकायला आधार मिळतो.

पायरी ६: पाटांच्या कडा उतरवणं

पाट कापले तेव्हा त्यांची कड चौकोनी होती. पण फळी नाळेकडे वळत जाते, त्यामुळे तिथे ती पाटाच्या फक्त एका धारेला टेकते. प्रत्येक पाटाची कड फळी जशी जाणार तशी तिरकी उतरवायची, म्हणजे फळी पूर्ण जाडीवर बसते. याला फेअरिंग म्हणतात. नव्याने करणारे इथेच उतावीळ होतात, कारण इतके दिवस घासून बोट पुढे सरकल्यासारखी दिसत नाही.

करायचं असं. १२० नंबरचा पॉलिश पेपर लवचीक पट्टीवर चिकटवा. पट्टी इतकी लांब हवी की एका वेळी निदान तीन पाटांवर टेकेल. एकाच पाटावर घासलंत तर खड्डा पडेल. पट्टी फळी जाणार त्या दिशेने, नाळेपासून मागे, फिरवत राहा. मधले पाट जवळजवळ तसेच राहतात, टोकाचे बरेच उतरतात.

झालं की नाही हे कळायला एक साधी फळी घ्या, गोंद न लावता दोन टोकांना धरून सांगाड्यावर टेकवा आणि मागून दिवा धरा. फळी आणि पाट यांच्यामधून उजेड आला तर तो पाट खाली आहे. फळी एका पाटावर चढून दोन्हीकडे सुटली तर तो पाट वर आहे. खाली असलेल्या पाटावर कागदाएवढी पट्टी चिकटवून पुन्हा घासा, वर असलेला उतरवा. फळी वर-खाली सरकवत हे सगळीकडे करा, डावीकडे आणि उजवीकडे. शेवटी डोळे मिटून सांगाड्यावरून तळवा फिरवा. जो उंचवटा डोळ्याला दिसत नाही तो हाताला लागतो.

इथे एक आठवडा जास्त गेला तरी जाऊ द्या. फळ्यांनंतर पुट्टी भरून चुका झाकता येतात असं सांगणारे भेटतील. रंगवायची बोट असेल तर खरंय. लाकूड उघडं ठेवायचं असेल तर पुट्टी लांबूनही ओळखू येते.

पायरी ७: फळ्या बसवणं

आधी मोजणी. कागदाची अरुंद पट्टी घ्या आणि मधल्या पाटाच्या कडेवरून वरच्या काठापासून कण्यापर्यंत टेकवून लांबी खूण करा. समजा ९६ मिलिमीटर आली आणि फळी ६ मिलिमीटरची आहे, तर १६ फळ्या. आता नाळेजवळच्या पाटाची तीच मोजणी करा, समजा ६४ मिलिमीटर. तिथेही १६ फळ्याच बसायच्यात, म्हणजे प्रत्येक फळी तिथे ४ मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी लागणार. नियम असा की टोकाला फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करू नये. तशी वेळ आली तर दोन फळ्यांची एक फळी करून पुढे न्यावी. मागच्या बाजूला उलट होतं, जागा वाढते, तिथे मधे पाचरीसारखी जादा फळी घालतात.

ही आकडेमोड न करता फळ्या पूर्ण रुंदीच्या लावत गेलात की चार-पाच फळ्यांनंतर त्या नाळेला एकमेकींवर चढायला लागतात. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त शोभेच्या जहाजांची नाळ नीट पाहा, हाच घोळ रंगाखाली दडलेला दिसेल.

आता एक फळी लावू. कडा रंध्याने निमुळत्या केल्या. फळी गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवली. सोल्डरिंग आयर्न शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) आडवी धरून, तिच्या दांड्यावर लहान पत्र्याचा डबा चढवला आणि तो तापल्यावर ओली फळी त्यावर दाबत हळूहळू पुढे सरकवली. वाफ निघते आणि लाकूड वळायला तयार होतं. एका जागी थांबायचं नाही, जळतं. जरुरीपेक्षा थोडा जास्त बाक द्यायचा, कारण सुटल्यावर फळी थोडी उलगडते. मग ती सांगाड्यावर गोंद न लावता चिमट्यांनी अडकवायची आणि रात्रभर वाळू द्यायची.

ही रात्र वगळू नका. ओली फळी फुगलेली असते. तशीच चिकटवली तर वाळताना आकसते आणि शेजारच्या फळीपासून सुटते, मग हवा कोरडी असो वा दमट.

दुसऱ्या दिवशी वाळलेली फळी आपला बाक धरून असते. पाटांना आणि शेजारच्या फळीच्या कडेला फेविकॉलचा पातळ हात, फळी जागेवर, चिमटे, बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसायचा. त्यानंतर त्याच जागची फळी दुसऱ्या बाजूला. एक डावीकडे, एक उजवीकडे, हा क्रम शेवटपर्यंत मोडू नका. एकाच बाजूला चार फळ्या लावल्या की त्यांच्या ओढीने कणाच पिळतो.

पहिली फळी वरच्या काठाची, कारण बोटीची डौलदार रेषा तीच ठरवते. मग दोन-चार फळ्या खाली उतरा, कण्यालगतची फळी लावा, आणि दोन्हीकडून मधे या. शेवटची फळी जिथे बसते ती फट पोटाच्या खालच्या वळणावर, सहसा नजरेस न येणाऱ्या जागी येईल असं बघा. त्या फटीचा आकार कागदावर उतरवून घेऊन तशी फळी कापायची. वाटतं तेवढं अवघड नाही.

पायरी ८: घासणं आणि पॉलिश

१८० ने सुरुवात, मग २४०, ४००. रेषेच्या दिशेने. मधेमधे ओलं फडकं फिरवलं की दबलेले तंतू उभे राहतात, वाळल्यावर ते शेवटच्या कागदाने काढा. चकचकीत वॉर्निश नको, एवढ्याशा बोटीवर ते खेळण्यासारखं दिसतं. लाखेचं पातळ पॉलिश किंवा अळशीच्या तेलाचा एक हात पुरे. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, मग टाका.

पायरी ९: डोलकाठी आणि परबाण (शीड बांधायची काठी)

गोल काठी विकत आणून निमुळती करायला गेलात तर ती वाकडी होते. चौकोनी पट्टीतून सुरुवात करा. आधी चौकोन निमुळता करा, मग चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचे सोळा कोन, मग पॉलिश पेपरने गोल. अष्टकोनासाठी प्रत्येक बाजूची रुंदी ७ : १० : ७ या प्रमाणात वाटून दोन रेघा मारा आणि रेघांपर्यंत कोपरे उतरवा. जुनी क्लृप्ती आहे, पक्की बसते.

लहान काठ्यांना बांबू उत्तम, पण पेरांमधला चिरलेला भाग घ्या. बुरुडाकडे कमचा मिळतात. बांबूला भुंगा लागतो, म्हणून बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून वाळवून वापरा. त्याच बांबूच्या सळया सोनाराच्या तार ओढायच्या भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून ओढल्या की फळ्या ठोकायच्या लाकडी खिळ्यांएवढ्या बारीक होतात.

मचवा करत असाल तर एक लक्षात ठेवा. पश्चिम किनाऱ्यावरच्या या बोटींची डोलकाठी सरळ उभी नसते, नाळेकडे झुकलेली असते. युरोपीय जहाजांची चित्रं बघून ती उभी किंवा मागे कललेली बसवली की जाणकार लगेच ओळखतो.

पायरी १०: दोर आणि शीड

डोलकाठी धरून ठेवणारे स्थिर दोर डांबर लावलेले असत, म्हणून ते काळपट करा. शीड ओढायचे हलते दोर फिकट तपकिरी. जाडीही वेगवेगळी हवी. एकाच रिळातला दोरा सगळीकडे वापरला की सगळी मेहनत कळाहीन दिसते. साधा सुती दोरा दमट हवेत ताणला जातो, कोरड्या हवेत सैल पडतो. पॉलिएस्टर जास्त स्थिर. दोरा वापरण्याआधी मधमाशीच्या मेणावरून ओढा, बाहेर आलेले तंतू बसतात. खादी भांडारात मेण विचारा.

मोठ्या जहाजावर चढायच्या दोरशिड्या असतात. खऱ्या जहाजात त्यांच्या पायऱ्यांतलं अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे १:६४ ला पाच मिलिमीटर. त्या अंतराच्या रेघा कागदावर मारून तो कागद दोरांच्या मागे लावा आणि रेघांवर गाठी घाला. पायरी बाहेरच्या दोरांना ओढून त्यांची कंबर बारीक करणार नाही इतपतच ताण द्या.

शिडाला कितीही तलम मलमल घेतलं तरी प्रमाणात ते जाडच पडतं. म्हणून पुष्कळजण शीड गुंडाळलेलं दाखवतात किंवा लावतच नाहीत. मला मचव्यावर शीड हवंसं वाटतं, त्याच्याशिवाय तो अपुरा दिसतो. मलमल चहाच्या पाण्यात उकळून काढा, पांढरेपणा जातो.

पायरी ११: पेटी, आणि विकायचं असेल तर

पेटी बोटीआधी ठरवा. दोरांत अडकलेली धूळ फुंकरीने जात नाही, ब्रशने दोर तुटतात. काच किंवा अ‍ॅक्रिलिक, काहीही चालेल, पण पूर्ण हवाबंद करू नका. तळाशी बारीक भोकं ठेवा. लाकूड आणि रंग यांतून निघणारी आम्लाची वाफ आत कोंडली की शिशाचे नांगर-तोफा पांढऱ्या भुकटीत झडतात. त्यामुळे शिसं टाळाच, पितळ वापरा. तोफा टर्निंग करून घ्यायच्या असतील तर लेथवाल्याकडे एक नमुना, मापाचं चित्र आणि दहा-वीस नगांची मागणी घेऊन जा. एका नगासाठी तो मशीन लावणार नाही.

पेटीची मापं घेताना सर्वांत लांब भाग नाळेपुढे आलेली काठी असते आणि सर्वांत रुंद भाग परबाण. नेमकं हेच दोन भाग लोक विसरतात. दोन्हीकडे निदान पाच सेंटिमीटर मोकळे ठेवा.

विक्री करायची तर उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, आधार आणि पॅन लागतं. पैसे मागणाऱ्या एजंटांच्या साइटवर जाऊ नका. आणि बिलावर ‘शोभेची प्रतिकृती’ लिहा, ‘खेळणं’ नको. मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं मानक लागू आहे आणि तुमचा मचवा त्या चाचणीसाठी बनवलेला नाही.

बोट गाडीने मुंबई-पुण्याला पोचवायची असेल तर पेटीत तिला तळातून दोन स्क्रूने आवळा. त्यासाठी कण्यात पितळी नट पायरी ५ लाच बसवून ठेवावा लागतो, फळ्या लागल्यावर तिथे हात पोचत नाही.